कळल्यापासून

दर बुधवारी चाळीस शब्द.
छापील फॉर्म, वर आरमाराचा शिक्का,
खाली बारीक अक्षरात: आजार कळवू नये, अपघात कळवू नये,
मरण तर नाहीच.
पाणबुडीला ऐकू येतं, बोलता येत नाही.
आणि कळलं तरी माणूस जाणार कुठे?
डोक्यावर तीनशे फूट पाणी.

आई गेली नऊ मार्चला, सोमवारी.
हेलेन्सबराच्या चढावर अजून बर्फ भुरभुरत होतं.
बुधवारी इशबेलनं फॉर्म समोर ओढला
आणि तिला पहिल्यांदा दिसली
क्रियापदाची धार.
‘आई बरी आहे’ लिहावं, तर खोटं.
‘होती’ लिहावं, तर फॉर्म परत.
तिनं मांजरीबद्दल लिहिलं. तुंबलेल्या पाइपाबद्दल,
शेजारच्या मॅक्फेलनं विकत घेतलेल्या हिरव्या गाडीबद्दल.
सदतीस झाले. तीन उरले.
‘आम्ही सगळे इथेच.’
खोटं नव्हतं ते.
दफनभूमी घरापासून सात मिनिटांवर.

आईचा कोट तिला देऊन टाकवेना.
भावाच्या लेखी आई अजून तो घालून
पावापुरती बाहेर पडत होती.
कुणाला तरी जिवंत असलेल्या माणसाचा कोट
कसा द्यायचा?
बाकी सगळं आवरलं, चष्मा, औषधं, दातांचा डबा;
कोट राहिला खुंटीवर
आणि मार्च राहिला तिथेच,
एप्रिल आला तरी.

तिकडे खाली
दोघांनाच माहीत होतं: कप्तानाला, आणि
किनाऱ्याचा संदेश उतरवून घेणाऱ्या डूगल्डला.
जेवताना हेक्टर त्याच्या समोरच बसायचा.
जेवण झालं की फाशांचा खेळ, आपल्या ल्यूडोसारखाच.
डूगल्ड हरायला लागला.
आधी एखादा डाव, मग रोज.
दुसरं काय देणार त्याला?
मधेच घाबरून एखादा जिंकायचा,
संशय नको म्हणून.
हेक्टरचे आठवडे भुर्रकन गेले.
म्हणायचा, इतकी छोटी फेरी आजवर झाली नाही.
डूगल्ड मान हलवायचा
आणि सोंगट्या पुन्हा मांडायचा,
एक एक, सावकाश,
कारण त्याला अजून बुधवार, मग बुधवार, मग बुधवार.

माझ्या भाषेत सुतक कळल्यापासून धरतात.
लांबच्याचं उशिरा कळलं तर तीन रात्री,
फार उशिरा कळलं तर नुसती आंघोळ.
पण आईबापाचं
कधीही कळो, वर्षानं कळो,
पूर्ण दहा दिवस.
लहानपणी हा हिशेब मला भटजींचा वाटायचा.
आता वाटतं, तो बसवला असेल
लांबच्या पत्राची वाट बघून थकलेल्या कुणीतरी,
ज्याला ठाऊक होतं
की तारीख मेलेल्याची नसते,
ऐकणाऱ्याची असते.

मेच्या मध्यावर बोट क्लाइडच्या मुखाशी वर आली.
कप्तानानं आत बोलावलं, टोपी काढून ठेवली.
हेक्टरनं ‘कशानं’ विचारलं नाही.
विचारलं, ‘कधी?’
मग ओठ हलवत मागे मोजत गेला,
आणि मोजता मोजता थांबला.
जिन्यापाशी डूगल्ड उभा होता.
‘ते डाव,’ हेक्टर म्हणाला,
‘सगळे?’
‘सगळे नाही,’ डूगल्ड म्हणाला.
‘पहिले काही तू खरंच जिंकलास.’

नऊ आठवड्यांचं हसू
कुठे नेऊन ठेवायचं
हे आरमाराच्या कुठल्याच फॉर्मवर नसतं.

घरी इशबेलनं कोट खाली काढला.
खिशात बसचं तिकीट निघालं, फेब्रुवारीचं.
हेक्टर ते दिव्याखाली धरून
उलटसुलट करत राहिला कितीतरी वेळ,
परतीचं आहे का, बघत.